राजाला कडू घास

आमच्या ओटा फिल्म मंडळाचा पडदा म्हणजे डबलबेडच्या दोन चादरी शिवून केलेला पांढरा चौकोन. खेळ संपला की मी आणि बाबूभाई तो दोन टोकांना धरून झटकतो. पारनेरकडं झटकला तर बाजरीचं भुसकट पडतं, देवळात झटकला तर गुलाल, शाळेत झटकला तर खडूची भुकटी. एकदा तर कुणाचा तरी चष्मा निघाला! किश्श्यांचंही अगदी असंच आहे. आपण काही ते गोळा करायला जात नाही. गावोगाव पडदा लावत हिंडलं की ते आपोआप घड्यांमध्ये जाऊन बसतात. गेल्या वर्षभरात आमच्या घड्या जरा जास्तच जड झाल्यात. म्हटलं, चला, आज झटकूनच टाकू.

मंडळ म्हणजे आम्ही तिघंच. बाबूभाई भिंगारचे, मांडव-साउंडवाले. टेम्पो त्यांचा, स्पीकर त्यांचे आणि प्रत्येक गोष्टीवर मतही त्यांचं. मी कल्पना, कॉलेजात फिजिक्स लॅबची असिस्टंट, इथं लॅपटॉपवर बसते. आणि उजागरे सर, नगरच्या एका शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर, वय बहात्तर.

सर म्हणजे आमचा आवाज. आम्ही देशोदेशीचे सिनेमे खेड्यांत नेतो, आणि सर पडद्याशेजारी खुर्ची टाकून, माईक हातात धरून, सगळ्यांचं बोलणं मराठीत बोलतात. समोर दोनशे पानी वही, त्यात त्यांनी स्वतः केलेलं भाषांतर. नवरा सर, बायको सर, पोलीस सर. कुत्रा भुंकला तर तोही सरच!

सरांच्या झब्ब्याच्या खिशात दोन वस्तू कायम असतात, पेन्सिल आणि मिठाची डबी. पेन्सिल वर केली की मी सिनेमा थांबवायचा. मिठाच्या डबीचं पुढं सांगते.

*

गेल्या वर्षी आम्हाला राजाचा सिनेमा मिळाला. युरोपातल्या एका थंड देशाचा म्हातारा राजा, खराखुरा, आत्ताच्या काळातला. त्याच्या मुलाची घटस्फोट झालेली बायको मोटारीच्या अपघातात मरते. लोकांचा तिच्यावर फार जीव. सगळा देश रस्त्यावर येऊन रडतो, राजवाड्याच्या फाटकाशी फुलांचे ढीग लागतात. आणि राजा? तो आपला लहान नातीला घेऊन जंगलातल्या बंगल्यात जाऊन बसतो. आठ दिवस अवाक्षर बोलत नाही. पंतप्रधान फोन करून करून थकतो, "महाराज, या, लोकांशी दोन शब्द बोला." राजाचं एकच उत्तर, "ती आता आमच्या घरातली नाही." आठव्या दिवशी मात्र तो चालत फाटकाशी येतो. एवढीच गोष्ट.

दाखवण्याची परवानगी मागायला मी दिग्दर्शकाला पानभर इंग्रजी ईमेल लिहिला. दोन रात्री डिक्शनरी घेऊन बसले होते! उत्तर आलं एका ओळीचं, "जरूर दाखवा. राजाला खेडी आवडायची."

पहिला खेळ पारनेरकडच्या एका गावात, शाळेच्या हॉलमध्ये, भर दुपारी खिडक्या झाकून. गोची अशी की राजा बोलतो दोन शब्द आणि सरांचं मराठी होतं चार ओळींचं. मग सर पेन्सिल वर करायचे, मी सिनेमा थांबवायची, राजा तोंड उघडं टाकून उभा आणि सरांचं आपलं चालूच. तिसऱ्यांदा असं झाल्यावर एक आजोबा कळवळून म्हणाले, "आरं, त्येचा जबडा धरला वाटतं! कुनीतरी तेल चोळा की!"

त्याच खेळात मागच्या रांगेत दोन पोरं खुसफुसत होती. सर रिटायर झाले, पण त्यांच्यातला हेडमास्तर काही रिटायर झालेला नाही. पडद्यावर राजा खिडकीतून बाहेर बघत काहीतरी म्हणतोय, आणि माईकवरून कडाडलं, "मागचे दोघं, उठा! बाहेर जायचं!"

पोरं मुकाट्यानं बाहेर गेली. खेळ संपल्यावर सरपंच सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "राजा लई कडक हाय बरं का. पार मागच्या रांगेपर्यंत ध्यान!"

*

त्याच गावात शेवंतीवाले एक शेतकरी होते, तुकाराम म्हणून. फाटकाशी फुलांचे ढीग दिसले तसे ते गुडघ्यांवर उभेच राहिले. त्या देशात फुलं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवतात. त्यांना ते बघवेना. "आवो, कागद काढा की! कागदात फूल घामाघूम व्हतंय, सांजच्याला सडंल!" असं ते थेट पडद्यालाच सांगायला लागले.

पुढच्या गुरुवारी शेजारच्या गावात खेळ होता. बघतो तर तुकाराम मोटारसायकलवर हजर, मागं शेवंतीचा क्रेट. सुटी फुलं, कागद-बिगद काही नाही. फाटकाचा सीन आला तसे उठले आणि ओंजळ-ओंजळ करून सगळी फुलं पडद्याच्या खाली मांडली. मग काय, बायका उठल्या, पोरं उठली, ज्याच्या हाताला जे फूल लागलं ते त्यानं मांडलं.

बाबूभाईंनी नंतर विचारलं, "तुकारामभाऊ, क्रेट काय लावायचा?"

तुकाराम एकदम चिडले. "मयताच्या फुलाचा भाव करत्यात का कुठं?"

परत येताना सर टेम्पोत पुढं बसले होते. त्या दिवशी आम्ही खूप हसलो, पण सर खिडकीबाहेर बघत होते. ते का, हे मला आणि बाबूभाईंना माहीत होतं. आता तुम्हालाही सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

*

हे मंडळ काढलं रंजनानं. रंजना सरांची सून, दिलीपची बायको. मूळची अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, शिक्षिका. लग्न होऊन आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिनं शाळेचा प्रोजेक्टर घरी आणून सरांच्या ओट्यासमोरच्या भिंतीवर सिनेमा लावला. अख्खी गल्ली जमली. सरांच्या मिसेसना खालची इंग्रजी अक्षरं वाचता येईनात, तर रंजना म्हणाली, "मामा, तुम्ही वाचा ना मोठ्यानं. तुमचा आवाज वाया चाललाय नुसता."

सरांचा आवाज तिनं शोधला. माझ्या आधी लॅपटॉपवर ती बसायची. पेन्सिलची खूणही तिचीच.

आणि मिठाची डबीही तिचीच! रंजना पिठल्यात मीठ कमी घालायची. सर रोज ताटावर तक्रार करायचे, "रंजना, मीठ कमी." सहा वर्षं रोज! शेवटी एक दिवस तिनं बाजारातून पितळेची छोटी डबी आणली आणि सरांच्या ताटाशी ठेवली. "मामा, तुमच्या एकट्यासाठी सगळ्या घराला बीपी नको. तुमचं तुम्ही घाला."

पुढं तिचं आणि दिलीपचं पटलं नाही. वाईट कुणीच नव्हतं, पण नाही पटलं. कोर्टात रीतसर फारकत झाली, दिलीप पुण्याला गेला, तिकडं दुसरा संसार मांडला. रंजना माहेरी गेली, तिथल्या शाळेत लागली. सर आणि ती फोनवरसुद्धा बोलेनासे झाले. भांडण नव्हतं हो. पण फारकत झाल्यावर सासऱ्यानं सुनेला फोन कुठल्या नात्यानं करायचा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

राजाच्या सिनेमाची परवानगी आली त्याच श्रावणात रंजना गेली. तापाचं निमित्त झालं, आठवडाभरात सगळं आटोपलं. निरोप आला तसे सर निशिगंधाचा हार घेऊन एसटी स्टँडवर गेले. अकोल्याची एक गाडी गेली, दुसरी गेली. सर बाकावर बसूनच राहिले, आणि हार घेऊन घरी आले. मातीला गेले नाहीत.

मी म्हटलं, "सर, हा सिनेमा आत्ता नको. दुसरा दाखवू."

सर म्हणाले, "परवानगी मिळालीय ना? मग दाखवायचा." आणि वही काढून बसले.

तो हार बाबूभाईंनी पडद्याच्या बांबूला अडकवला. अजून तिथंच आहे. आता नुसता दोराच राहिलाय, पण सोडायला त्यांचा हात होत नाही.

*

तिसगावचा किस्सा मात्र मी कुणालाही सांगितला की आधी हसू येतं. खेळ चर्चच्या हॉलमध्ये. तिथली बरीच घरं सरांच्या नात्यागोत्यातली, बाकी आसपासच्या वस्त्यांवरची मंडळी. इंटरव्हल झाला. तोवर राजाचे तीन दिवस उलटले होते आणि प्रत्येक सीनमध्ये त्याच्यापुढचं ताट तसंच्या तसं परत जात होतं.

गऊबाई नावाच्या एक म्हाताऱ्या आजी तेवढ्यात उठून घरी गेल्या. परत आल्या त्या फडक्यात बाजरीची भाकर आणि वाटीत पिठलं घेऊन, आणि सरळ सरांच्या टेबलाशी.

आमच्याकडं घर ख्रिस्ती असो, मराठ्याचं असो नाहीतर वंजाऱ्याचं, मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे, सोयरे पिठलं-भाकरी घेऊन जातात आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. घरचं माणूस गेलंय हे दहा जणांनी मान्य केल्याची ती खूण.

"घे बाबा," गऊबाई म्हणाल्या. "तीन दिस झालं, पोटात कायच न्हाई तुज्या."

सर गोंधळले. "आजी, मी राजा नाही. मी नुसता त्याचा आवाज."

"आवाज तुजा हाय ना?" गऊबाई म्हणाल्या. "मग त्वांड बी तुजंच!"

हॉल हसून फुटायचा बाकी होता. बाबूभाई स्पीकरच्या मागं तोंडात रुमाल कोंबून बसले होते. सरांनी दोन्ही हातांनी भाकरी घेतली, डोक्याला लावली, आणि आजी वळल्या तशी बाबूभाईंच्या हातात दिली. बाबूभाईंनी ती खाल्ली, आणि वर पिठलं फर्स्टक्लास असल्याचंही जाहीर केलं.

सामान भरताना मी सरांना म्हटलं, "दोन घास खायचे होते ना सर, म्हातारीला बरं वाटलं असतं."

सर पडद्याची घडी घालत म्हणाले, "कडू घास ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला देतात, कल्पना. माझ्या घरी कुणी आणला नाही. कोर्टाचा कागद आहे ना, ती आमच्या घरातली नाही म्हणून. मग मी तिसगावात येऊन राजाच्या नावावर खाऊ?"

सर खरं तेच बोलत होते. रंजना गेली तेव्हा माझ्या आईनंसुद्धा सरांकडं डबा पाठवला नव्हता. पाठवायचा असतो हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

*

पाथर्डीकडच्या एका गावात ऊसतोडीला निघायच्या आठवड्यात खेळ केला. मारुतीच्या सभामंडपात, बाहेर ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडायचं काम चाललेलं. निम्मे लोक बोचकी बांधता बांधताच बघत होते. आमच्यात एक पद्धत आहे, खेळ संपला की सर खुर्ची वळवून विचारतात, "कसं वाटलं?" बहुतेक ठिकाणी "चांगलं वाटलं" म्हणून लोक चपला शोधायला लागतात.

इथं एक पस्तिशीतल्या बाई उभ्या राहिल्या. "आमच्या टोळीत कुणी गेलं तर मुकादम एक दिस देतो. दुसऱ्या दिशी कोयता हातात. ह्यो बाबा आठ दिस घेतोय."

"म्हणजे राजा नशीबवान?" सरांनी विचारलं.

"न्हाई वो. आमचं रडनं कामात जिरतं. ह्याला कुठं काम हाय? ह्याचं जिरायचं कुठं? ह्यानं जायलाच पायजे हुतं, पयल्या दिशी." मग सरांच्या वहीकडं बोट करून म्हणाल्या, "तुमी ल्ह्येलंय न्हवं हे समदं? मग त्याला आदी धाडायचा की!"

सर म्हणाले, "बाई, मी लिहिलेलं नाही. तो असाच वागला."

"मग त्याला कुनी बोललं कसं न्हाई?"

यावर सरांनी माईक बंद केला आणि चहा आला का ते बघायला गेले.

*

मग पौषात सरांचा घसा बसला. नेवाश्याकडचा खेळ ठरलेला, दीडशे माणूस येऊन बसलेलं. असं ठरलं की सरांनी फक्त राजाचं बोलायचं, बाकी सगळं बाबूभाईंनी. वही त्यांच्याही पुढं ठेवली.

आता बाबूभाईंचा तीस वर्षांचा अनुभव लग्नाच्या मांडवातला. सुरुवातच झाली, "हॅलो, हॅलो, चेक. पंतप्रधान बोलतोय!"

वहीत होतं, "महाराज, जनता आपल्या शब्दाची प्रतीक्षा करीत आहे." बाबूभाईंनी ते वाचलं, त्यांना ते पटलं नाही. म्हणाले, "महाराज, चला की आता! मांडव घातलाय, खुर्च्या लावल्यात, पब्लिक खोळंबलंय. मी किती वेळ स्पीकरवर गाणी लावू?"

लोक हसून हसून लोळले. पडद्यावर राजानं खाडकन दार लावून घेतलं. बाबूभाई माईकवरून प्रेक्षकांना, "बघा! ऐकत न्हाई!" तशी पुढं बसलेली पोरं ओरडायला लागली, "चला! चला! चला!"

इथपर्यंत सगळी गंमतच होती. मग पंतप्रधानाच्या शेवटच्या फोनचा सीन आला. बाबूभाईंनी वही मिटली. मला वाटलं, पान हरवलं. ते पडद्याकडं बघत नव्हते, समोर खुर्चीवर बसलेल्या सरांकडं बघत होते.

"महाराज," बाबूभाई म्हणाले, "तिच्या गावाला जायला तुमाला गाडी न्हाई का? माझा टेम्पो हाय. दोनदा गाडी सोडली तुमी. तिसऱ्यांदा मी सोडू देनार न्हाई."

प्रेक्षकांना यात काही वावगं वाटलं नाही. राजाकडं टेम्पो नसणारच! मला मात्र पॉज दाबावा की दाबू नये तेच सुचेना.

सरांनी माईक तोंडाशी धरला. बसलेल्या घशातून राजाचा आवाज आला, "कोणत्या नात्यानं जाऊ?"

हे वहीत नव्हतं.

"ते तिथं गेल्यावर ते लोक सांगतील," पंतप्रधान म्हणाले. "आपन जायाचं काम करायचं."

पडद्यावर राजानं फोन ठेवला. वेळ कशी साधली गेली देव जाणे, मी काही थांबवलं नव्हतं. परत येताना बाबूभाईंनी रस्ताभर रेडिओ मोठा करून ठेवला होता, आणि सरांनी एकदाही बारीक करा म्हटलं नाही.

*

अकोल्याहून फोन आला तो उन्हाळ्यात. रंजना ज्या शाळेत होती तिथल्या गुरुजींचा. "मॅडम सांगायच्या, नगरला त्यांचं सिनेमाचं मंडळ आहे. त्या गेल्याला आता श्रावणात वर्ष होईल. तेव्हा तुमचा एखादा खेळ ठेवू का शाळेत?" मंडळाची तारीख-वही सरांकडं असते. मी सरांना निरोप दिला. सर म्हणाले, "बघू."

आमच्या सरांचं "बघू" म्हणजे नाही. हे शाळेतल्या तीन पिढ्यांना माहीत आहे! मी गुरुजींना काय सांगावं याचा विचार करत आठवडा काढला. मग एकदा सहज तारीख-वही चाळली, तर श्रावणातल्या एका शनिवारी सरांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता, "अकोले." खाली, "राजाचा." म्हणजे सिनेमाही तोच!

बाबूभाईंना दाखवलं. त्यांनी टेम्पो धुवायला घेतला. बाबूभाईंनी टेम्पो धुतलेला मी त्याआधी फक्त त्यांच्या मुलीच्या लग्नात बघितला होता.

*

शनिवारी दुपारी बाराला पोचलो. बाहेर भातखाचरांत पाणी, हॉलच्या खिडक्यांना गुरुजींनी बारदानं लावून अंधार केलेला. उतरल्यावर सरांनी पहिल्यांदा बांबू तपासला, मग माईक, मग पुन्हा बांबू.

पहिल्या रांगेत, पोरांच्या मधोमध, सतरंजीवर रंजनाच्या आई बसल्या होत्या. इंदूबाई. फारकतीनंतर सर त्यांचा विषय निघाला की "रंजनाच्या आई" एवढंच म्हणत. त्यांनी सरांकडं बघून मान हलवली, सरांनीही हलवली. एवढंच. मांडीवर त्यांनी फडक्याचं एक गाठोडं धरलं होतं, आणि सबंध सिनेमाभर ते खाली ठेवलं नाही.

खेळ सुरू झाला. सरांचा आवाज ठणठणीत होता. अपघात झाला, फुलं आली, राजा जंगलातल्या बंगल्यात गेला. पोरं रंगली. मग तो सीन आला. पंतप्रधान विचारतो, राजा खिडकीकडं तोंड करून उत्तर देतो, "ती आता आमच्या घरातली नाही." पंचवीस-तीस गावांत मी ते वाक्य ऐकलं होतं, सर ते फार जोरात म्हणत.

राजाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

मला वाटलं, माईक गेला. बाबूभाई वायर धरून उठले. सरांनी हातानंच त्यांना बसा म्हणून खुणावलं, आणि मला, चालू दे. पुढच्याच क्षणी पंतप्रधान बोलला, व्यवस्थित, सरांच्याच आवाजात. नात बोलली. ड्रायव्हर बोलला. फक्त राजा बोलेना. जिथं जिथं तो तोंड उघडी तिथं तिथं सर वहीकडं बघत गप्प बसत. हॉलमध्ये कुणी कुरकुर केली नाही. मोठी माणसं तर मला वाटतं, सिनेमा असाच आहे असं समजून बघत होती.

शेवट आला. आठवा दिवस. राजा चालत फाटकाशी येतो, फुलांपाशी थांबतो, तिथं एक बाई उभी असते, तिला एकच वाक्य म्हणतो. सरांनी पेन्सिल वर केली. मी सिनेमा थांबवला. राजा तोंड उघडं ठेवून उभा. सरांनी वही मिटली, खुर्ची पडद्याकडून हॉलकडं वळवली आणि माईक तोंडाशी नेला.

"मला उशीर झाला."

वाक्य सिनेमातलंच होतं, शब्दन् शब्द तेच.

मी पुढं चालू केलं. नावं वर जायला लागली, गुरुजींनी बारदानं काढली, पोरं डोळे चोळत बाहेर पळाली. इंदूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि सरांच्या टेबलाशी आल्या. माईक आणि वही बाजूला सरकवून त्यांनी गाठोडं सोडलं. तांदळाची भाकर आणि पिठलं.

"वरीस झालं, सर," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं कुनी आनला नसंल."

सर उभे राहिले. पुन्हा खाली बसले. मी आणि बाबूभाई पडदा सोडायचं सोडून तसेच दोन टोकं धरून उभे. सरांनी भाकरी मोडली, पिठल्याला लावली, घास तोंडात घातला. दुसरा घातला. त्यांचा चष्मा धुरकटला होता, तो पुसायलासुद्धा ते थांबले नाहीत.

खिशातून पेन्सिल काढताना मिठाची डबीही बाहेर आली होती, ती तिथंच वहीशेजारी पडली होती. इंदूबाईंनी ती बघितली.

"मीठ कमी पडलं आसंल," त्या म्हणाल्या. "माझा हातच तसा हाय. रंजीनं बी तेच उचललं. घ्या की वरनं."

सरांनी डबीकडं बघितलं, आणि तिसरा घास मोडला.

"नको, विहीणबाई," सर म्हणाले. "असंच असायचं."